रक्त दिसलं तर काय, नाटक दिसलं तर काय: नवीन बास्केटबॉल रेफरींसाठी

रिबाउंडला दोघं एकदम उडी मारतात, एकाचं कोपर दुसऱ्याच्या भुवईवर बसतं, बॉल तिसऱ्याच्याच हातात जातो आणि तो पळत सुटतो. सगळा हॉल त्याच्याकडे बघतोय, आणि मागे राहिलेला पोरगा मनगटाने भुवई पुसतो तर मनगट लाल. आता शिट्टी वाजवायची का थांबायचं? नवीन रेफरी बरोबर इथेच अडकतो.

मी पण अडकलोय. अगदी सुरुवातीच्या मॅचेसमधली गोष्ट आहे, रक्त मला दिसलं होतं, समोरच्या टीमचा फास्ट ब्रेक (वेगात केलेली चढाई) चालू होता म्हणून थांबलो, तिथपर्यंत बरोबरच होतं. पण बास्केट झाल्यावर थ्रो-इनच्या (रेषेबाहेरून बॉल आत टाकायच्या) गडबडीत मी ते विसरलो आणि अजून दोन पझेशन तशीच गेली. मग थ्रो-इनसाठी बॉल माझ्या हातात आला तेव्हा त्यावर अंगठ्याएवढा डाग होता, चिकट, आणि एव्हाना विरुद्ध टीमच्या एका मुलाच्या जर्सीच्या खांद्यालाही तेच लागलेलं. त्या मुलाचा कोच माझ्यावर चिडला आणि त्याचं चिडणं शंभर टक्के बरोबर होतं. तेव्हापासून मी नवीन लोकांना सगळ्यात आधी हेच सांगतो, नियम पाठ करणं सोपं आहे, शिट्टी कधी वाजवायची ते अवघड आहे. रक्ताच्या बाबतीतही तेच आणि खेळातल्या लबाडीच्या बाबतीतही तेच.

खाली जे लिहितोय ते फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांप्रमाणे आहे. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे नियम वेगळे आहेत, टीव्हीवर बघितलेलं इथे लावू नका. आणि पुस्तक अधूनमधून बदलतं, त्यामुळे ताजी आवृत्ती जवळ ठेवा.

मॅचच्या आधी

तुमचे अधिकार मॅचच्या वेळेपासून सुरू होत नाहीत, ठरलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी तुम्ही कोर्टवर येता तेव्हापासून सुरू होतात. ही २० मिनिटं फुकट घालवू नका. वॉर्मअप चालू असताना खेळाडूंच्या हातांकडे बघा, अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट, गळ्यात चेन, कानात काही. नखं बारीक कापलेली पाहिजेत असं नियमातच आहे आणि ते उगाच नाही, मी बघितलेल्या ओरखड्यांपैकी निम्मे तरी नखांचे असतात. नखं वाढलेली दिसली तर तिथेच कापून यायला सांगा, नेलकटर कोणाकडे ना कोणाकडे असतोच, आणि एक आपल्या किटमध्ये ठेवलात तर वादच नको.

दुसरं, स्कोअररच्या टेबलवर जाऊन विचारा की फर्स्ट एडची पेटी कुठंय, हातमोजे आहेत का, फरशी पुसायला कोण आहे. हे विचारायला लाज वाटते सुरुवातीला, पण रक्त सांडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा बरं. दोन्ही कोचना विचारून ठेवा की एक जादा जर्सी आणली आहे का.

रक्त दिसलं

पहिलं, बॉल कुणाकडे आहे ते बघा. बॉल लाइव्ह (म्हणजे खेळात) असताना कुणी जखमी झालं तर लगेच शिट्टी नाही. ज्या टीमकडे बॉल आहे तिने शॉट मारेपर्यंत, बॉल घालवेपर्यंत, बॉल धरून खेळ थांबवेपर्यंत किंवा बॉल डेड (म्हणजे खेळाबाहेर) होईपर्यंत थांबायचं, म्हणजे कुणाच्या दुखापतीमुळे समोरच्याचा हक्काचा चान्स जात नाही. पण याला एक अपवाद आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे, जखमी खेळाडूला वाचवायला गरज असेल तर ताबडतोब थांबवा. तो बास्केटखाली पडलाय आणि दहा पाय त्याच्या डोक्याशेजारी नाचतायत, किंवा रक्त डोळ्यात उतरलंय आणि त्याला दिसत नाहीये, तर बास्केटचा चान्स गेला तरी चालेल, शिट्टी वाजवा. कोच ओरडेल, ओरडू दे.

दुसरं, थांबायचं ठरवलंत तर विसरू नका. मी चुकलो ते इथेच. आता मी काय करतो तर नजरेने जोडीदाराला खूण करतो आणि त्या खेळाडूचा नंबर मनात घोकत राहतो, सात, सात, सात, बॉल डेड झाला की पहिलं काम तेच.

तिसरं, त्याला बाहेर काढा. इथे चर्चा नाही. रक्त येत असेल किंवा जखम उघडी असेल तर सब (बदली खेळाडू) घ्यावाच लागतो, मग तो कॅप्टन असो का टीमचा सगळ्यात भारी शूटर. खेळाडू हमखास म्हणतो, "सर, काही नाही झालं, ओरखडाय." त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या हाताकडे बोट दाखवून शांतपणे म्हणा, "झाकून ये, मग घेतो तुला." बहुतेक पोरं ऐकतात कारण तुम्ही त्यांना मॅचमधून हाकलत नाहीये हे त्यांना कळतं.

साध्या दुखापतीचा नियम यापेक्षा जरा वेगळा आहे. रक्त नसेल, नुसता पाय मुरगळला असेल, तर साधारण १५ सेकंदांत तो उठून खेळायला तयार झाला आणि कुणाची मदत घेतली नाही तर तो राहू शकतो. त्याच्यावर उपचार झाले किंवा बेंचवरून कुणी येऊन मदत केली तर बाहेर. कोच आणि स्टाफ तुमची परवानगी घेऊनच कोर्टवर येतात, डॉक्टरला मात्र गरज वाटली तर परवानगी लागत नाही. डॉक्टर पळत आला तर अडवू नका.

चौथं, परत कधी घ्यायचं. दोन गोष्टी एकत्र पाहिजेत, रक्त थांबलेलं पाहिजे आणि जखम पूर्ण, घट्ट झाकलेली पाहिजे. नुसता कापूस बोटाने दाबून आला तर नाही. अर्धवट चिकटवलेली पट्टी घाम आला की दोन मिनिटांत सुटते, म्हणून मी स्वतः जवळ जाऊन बघतो की कडा चिकटल्यात का. हात न लावता, फक्त बघून. आणि एकदा सब झाला की तो लगेच त्याच डेड बॉलला परत येऊ शकत नाही, मध्ये गेम क्लॉक चालू होऊन पुन्हा थांबावं लागतं.

इथे टाइमआउटची एक सवलत आहे जी बऱ्याच कोचना माहीत नसते. खेळ थांबला असताना कुठल्याही टीमने टाइमआउट घेतला आणि त्या वेळात रक्त थांबून जखम झाकून झाली, तर सब न होता तोच खेळाडू पुढे खेळू शकतो. टाइमआउट १ मिनिटाचा असतो, त्यात बोटावरचा काप आरामात होतो. नाकातून रक्त येत असेल तर विसरा, त्याला पुढे वाकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबून धरायचा, मान मागे टाकायची नाही कारण रक्त घशात जातं. हे काम फर्स्ट एडवाल्याचं आहे तुमचं नाही, पण तिथे जाणता माणूस नसेल तर एवढं सांगता आलं पाहिजे.

फ्री थ्रोवाला गोंधळ लक्षात ठेवा. ज्याला फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) मिळालेत तोच रक्तामुळे बाहेर जात असेल तर त्याच्या जागी आलेला सब ते मारतो, कोचला आपला आवडता शूटर निवडता येत नाही. दोन फ्री थ्रोंच्या मधे उपचार घेतलेल्या खेळाडूला दुखापतीमुळे बदललं तर समोरच्या टीमलाही हवं असल्यास तेवढेच खेळाडू बदलता येतात, ते विचारायला विसरू नका.

शॉट क्लॉकच्या (शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळाच्या) बाबतीत टेबल नेहमी तुमच्याकडे बघतं. बॉल ज्यांच्याकडे होता त्यांचाच खेळाडू जखमी म्हणून थांबवलं असेल तर शॉट क्लॉक जिथे थांबला तिथूनच, ६ असतील तर ६. समोरच्या टीमचा खेळाडू जखमी असेल तर वेगळं, थ्रो-इन बॅककोर्टमधून (बॉलवाल्या टीमच्या स्वतःच्या अर्ध्या भागातून) असेल तर २४, फ्रंटकोर्टमधून (समोरच्या टीमच्या अर्ध्या भागातून) असेल आणि घड्याळात १३ किंवा कमी असतील तर १४, आणि १४ किंवा जास्त असतील तर तसाच चालू. हे एकदा कागदावर लिहून काढा, मॅचमध्ये आठवत बसायला वेळ नसतो.

पाचवं, बॉल, फरशी, कपडे. बॉलवर लागलं असेल तर बॉल बदला, फरशीवर असेल तर पूर्ण पुसून कोरडी होईपर्यंत खेळ सुरू करू नका, जर्सीवर असेल तर बदलायला लावा. पुसणारा हातमोजे घालूनच. तुम्ही स्वतः कशालाच हात लावू नका, तुमच्या हातात शिट्टी असते आणि ती तोंडात जाते.

एवढं कडक कशाला, असं विचारणारे भेटतात. ७ नोव्हेंबर १९९१ ला एनबीएतल्या मॅजिक जॉन्सन या स्टार खेळाडूने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि निवृत्त झाला, १९९२ मध्ये तो परत आला तर सीझनच्या आधीच्या एका मॅचमध्ये त्याच्या हाताला साधा ओरखडा आला आणि पुढच्या काही दिवसांत, सीझन सुरू व्हायच्या आधीच, त्याने पुन्हा खेळ सोडला. त्या काळात लोकांच्या मनात भीती किती होती ते यावरून कळतं. खेळताना असा संसर्ग व्हायची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे, पण हेपेटायटिस बी सारखे आजार रक्तातून पसरतात आणि कुणाच्या रक्तात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं, विचारायचा अधिकारही नसतो. म्हणून नियम सगळ्यांना सारखा, कुणावर संशय नाही.

रक्त म्हणजे फाउल नव्हे

हा भाग सावकाश वाचा कारण नवीन लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात. भुवई फुटली, रक्ताची धार लागली, प्रेक्षक ओरडायला लागले, की हात आपोआप वर जातो. पण दोघांची डोकी लूज बॉलवर एकमेकांवर आपटली आणि दोघंही बॉलसाठीच गेले होते तर तिथे काहीच फाउल नसेल. आणि उलट, कुणी कोपर फिरवून समोरच्याच्या छातीवर जोरात मारलं, रक्ताचा थेंब नाही, तो पोरगा उठूनही उभा राहिला, तरी तो मोठा फाउल असू शकतो. तुम्ही जखमेला फाउल देत नाही, कृतीला देता. म्हणून रक्त दिसलं की आधी स्वतःला विचारा, टक्कर व्हायच्या आधीचा अर्धा सेकंद मी बघितला का? कोपर अंगालगत होतं का बाहेर फिरलं? बघितला नसेल तर जोडीदाराला विचारा. दोघांनीही बघितला नसेल तर अंदाजाने मोठा फाउल ठोकू नका, रक्ताचं काम करा आणि पुढे चला. हे गिळायला कठीण जातं, मलाही जातं.

लबाडीच्या पायऱ्या

आता दुसरा अर्धा भाग. इथे रक्तासारखं थांबून बघत बसायचं नसतं, पहिली छोटी गोष्ट पहिल्यांदा दिसली तेव्हाच बोलायचं. पहिल्या क्वार्टरमध्ये सोडलेलं चौथ्या क्वार्टरमध्ये धक्काबुक्की होऊन समोर येतं.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे वॉर्निंग. बास्केट झाल्यावर बॉल मुद्दाम हाताने उडवून थ्रो-इनला उशीर करणं, हे त्यातलं रोजचं. वॉर्निंग बॉल डेड असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना द्यायची, खेळाडूला सांगायची आणि त्याच्या हेड कोचलाही सांगायची. ती त्या एका पोराला नाही, पूर्ण टीमला लागू होते, उरलेल्या मॅचभर. कोचला सांगायचं राहिलं तर पुढचा टेक्निकल (वागणुकीचा फाउल, खाली येतोच) देताना तो म्हणणारच, "आम्हाला कुठे सांगितलंत?"

फेक करणं, म्हणजे धक्का लागलाच नाही आणि हात पसरून धाडकन मागे पडणं. खेळ चालू असताना तुम्ही कोपरापासून हात दोनदा वर करून खूण करता, खेळ थांबवत नाही, मग पहिल्या डेड बॉलला वॉर्निंग सांगता. पुन्हा कुणी केलं की टेक्निकल. ओळखायचं कसं? त्याच्या छातीकडे बघा, हाताकडे आणि चेहऱ्याकडे नको. खरा धक्का बसला की छाती आधी मागे जाते आणि डोकं मागून येतं, नाटक करणाऱ्याचं बऱ्याचदा डोकं आधी मागे जातं आणि ओरडणं त्याच्याही आधी येतं. हे काही नियमात लिहिलेलं नाही, माझं निरीक्षण आहे. एनबीएने सुद्धा फ्लॉपिंगला आधी दंड लावले आणि २०२३-२४ च्या सीझनपासून मॅचमध्येच टेक्निकल द्यायला सुरुवात केली, म्हणजे दुखणं सगळीकडचंच आहे.

टेक्निकल म्हणजे अंगाला अंग न लागता केलेली वागणूक. वॉर्निंग देऊनही न ऐकणं, शिवीगाळ, समोरच्याला डिवचणं, शूटरच्या डोळ्यांसमोर हात नाचवून त्याला दिसू न देणं, कोपरं जोरात फिरवणं, रिंगला विनाकारण लटकणं. हातांचा टी करून दाखवा. १ फ्री थ्रो, लगेच मारायचा, आणि मग खेळ जिथे थांबला होता तिथून. चौथ्या क्वार्टरच्या किंवा ओव्हरटाइमच्या शेवटच्या २ मिनिटांत थ्रो-इन देताना रेषा न ओलांडण्याची खूण आधीच दाखवा, तीच वॉर्निंग धरतात, त्यानंतर डिफेंडरने हात किंवा अंग रेषेपलीकडे काढलं की थेट टेक्निकल.

अनस्पोर्ट्समनलाइक, ज्याला आपण यू म्हणतो, तो अंगाला लागून झालेला फाउल. खूण म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट वर पकडून दाखवणं. चार प्रश्न मनात ठेवा. बॉल खेळायचा प्रामाणिक प्रयत्न होता का? जोर गरजेपेक्षा फारच जास्त होता का? फास्ट ब्रेक तोडायला गरज नसताना धरलं का? बास्केटकडे निघालेल्या खेळाडूला मागून किंवा बाजूने अडवलं आणि त्याच्यासमोर कुणीच नव्हतं का? शेवटचे दोन निकष समोरचा शूटिंगची कृती सुरू करेपर्यंतच लागतात. शिक्षा २ फ्री थ्रो आणि वर बॉल, फ्रंटकोर्टमधल्या थ्रो-इन लाइनवरून. शूटिंगमध्ये असताना झाला आणि बास्केट गेली तर बास्केट धरून १, नाही गेली तर शॉटप्रमाणे २ किंवा ३.

तिसऱ्या प्रश्नावर नवीन रेफरी कच खातात. बॉल हिसकावून पोरगा निघाला, डिफेंडरने मागून हळूच जर्सी धरली, अगदी हसत हसत, कुणाला लागलं नाही. वाटतं साधा फाउल द्यावा. नका देऊ साधा. हा हुशार फाउल आहे, दोन पॉइंटांचा चान्स एका फाउलमध्ये विकत घेतलाय, आणि एकदा तो स्वस्तात गेला की दोन्ही टीम तेच करायला लागतात.

शेवटच्या मिनिटांत मागे असलेली टीम घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करते, ते आपोआप यू होत नाही. हात बॉलकडे गेला असेल तर साधा फाउल, बॉलकडे न बघता मिठी मारली तर यू. पण शेवटच्या २ मिनिटांत थ्रो-इन करणाऱ्याच्या हातून बॉल सुटायच्या आधीच कोर्टवर डिफेंडरने फाउल केला तर त्याला २०२२ पासून वेगळं नाव आहे, थ्रो-इन फाउल, १ फ्री थ्रो आणि बॉल परत त्यांनाच.

स्कोअररला नीट कळवा कारण बेरीज तिथे होते. एकाच खेळाडूचे दोन टेक्निकल, दोन यू, किंवा एक एक, काहीही झालं की तो मॅचमधून बाहेर. ही बेरीज स्कोअररने सांगायची असते पण तुम्हीही मनात ठेवा, मी एकदा टेबलकडून सुटलेलं पाहिलंय आणि तो खेळाडू पुढे सहा पॉइंट करून गेला.

दुखापतीचं निमित्त करून वेळ काढणारेही असतात. पडून राहायचं, कोच सावकाश चालत येणार, तेवढ्यात बाकीचे दम घेणार. खोटं आहे का खरं हे ठरवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, कारण दहातल्या एकदा तरी ते खरंच असतं. १५ सेकंद झाले, मदत घेतली, तर बाहेर जा आणि सब पाठवा, बस. सब यायला विनाकारण उशीर झाला तर त्या टीमचा एक टाइमआउट खर्ची पडतो, टाइमआउट उरला नसेल तर कोचच्या नावावर टेक्निकल देता येतो.

सगळ्यात वरची पायरी डिसक्वालिफाइंग, दोन्ही मुठी वर. मारणं, थुंकणं, उघड हिंसा. त्याला ड्रेसिंग रूममध्ये किंवा इमारतीबाहेर जावं लागतं, बेंचवर बसून राहता येत नाही. मारामारी सुरू झाली की तिच्यात घुसू नका, दोन पावलं मागे घ्या आणि बेंचकडे बघा, कोण कोण उठून कोर्टवर आलं ते नंबर टिपा, कारण भांडणाच्या वेळी बेंच सोडून आत आलेले बाहेर जातात. फक्त हेड कोच आणि फर्स्ट असिस्टंट, तेही शांत करायला, येऊ शकतात. एकाने मारामारी बघायची आणि दुसऱ्याने बेंच, हे मॅचच्या आधीच जोडीदाराशी ठरवून ठेवा.

हॉर्न वाजल्यावर लगेच पळू नका. मॅच संपल्यावर पण स्कोअरशीटवर सही व्हायच्या आधी कुणी शिवीगाळ केली, ढकललं, तर ते क्रू चीफने (मुख्य रेफरीने) स्कोअरशीटवर लिहायचं असतं आणि आयोजकांना रिपोर्ट द्यायचा असतो. त्यामुळे पेन हातात घेतलं तरी एकदा मान वर करून दोन्ही बेंचकडे बघा, हस्तांदोलन होऊ द्या, भुवई फुटलेल्या पोराला टाके घालायला कुणी घेऊन गेलं का ते विचारा, आणि मग सही करा. सही झाली की तुमचा त्या मॅचशी संबंध संपतो.